अपडाऊनचा इतिहास

‘अपडाऊन’ हा शब्द इंग्रजी आहे, असा समज फक्त इंग्रजांचा असेल. आमच्या वऱ्हाडात तो शुद्ध मराठी आहे. “राहता कुठं?” “खामगावले.” “अन् नोकरी?” “जळगाव जामोदले. अपडाऊन करतो.” एवढं म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जी सहानुभूती उमटते, ती एरवी फक्त मधुमेह झाल्याचं सांगितल्यावर उमटते. आणि पुढचा प्रश्नही तोच येतो : “कितीक वर्षं झाले?”

बारा. आणि पथ्य काही नाही.

बाकीच्या महाराष्ट्राला जळगाव म्हटलं की केळी, भरीत आणि खानदेश आठवतो. आमचं जळगाव ते नव्हे. हे बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. त्या थोरल्या जळगावशी घोटाळा होऊ नये म्हणून शेजारच्या जामोद गावाचं नाव याला जोडून दिलं. अकबराच्या काळात हे परगण्याचं ठिकाण होतं, ‘ऐन-इ-अकबरी’त त्याची नोंद आहे. एवढं असूनही आमच्या शाखेचं एखादं टपाल अधूनमधून खानदेशची यात्रा करून येतंच. त्याचंही अपडाऊन!

आता मूळ शब्दाकडे. रेल्वेच्या व्याकरणात मुख्य ठाण्याकडे जाणारी गाडी ‘अप’ आणि तिथून दूर जाणारी ‘डाऊन’. आमच्या लाइनीचं मुख्य ठाणं मुंबई. १८५३ साली तिथून पहिली गाडी ठाण्याला गेली आणि १८६७ पर्यंत रूळ नागपूरला पोचले. म्हणजे नांदुऱ्याहून नागपूरला निघालेला माणूस रेल्वेच्या हिशेबात ‘डाऊन’ जातो. नागपूरकरांना हे आजवर कुणी सांगितलेलं नसावं, नाहीतर एखादं आंदोलन नक्की झालं असतं.

आमच्या भागात पद्धतशीर अपडाऊन कुणी सुरू केलं असेल, तर ते कापसाने. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना एकाएकी वऱ्हाडाचं प्रेम वाटू लागलं. खामगावचा कापूस बाजार एवढा फुगला की त्याच्यासाठी जलंबपासून खास फाटा टाकला, आणि १८७० साली त्याच्या उद्घाटनाला प्रत्यक्ष व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. कापूस अप गेला, त्याचं कापड होऊन डाऊन आलं. या व्यवहारात नफा कुणाचा झाला, हे सांगायला वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही. ती माझ्याकडे आहे ही गोष्ट वेगळी.

जळगाव जामोदला मात्र रूळ आलेच नाहीत. तिथला कापूस बैलगाड्यांतून खामगावच्या बाजारात यायचा. रात्री गाडी जुंपायची, खाली कंदील टांगायचा आणि गाडीवानाने वर कापसावर आडवं व्हायचं. रस्ता बैलांना पाठ. माझ्या मते ड्यूटीवर राजरोस झोपणारा आणि तरीही वेळेवर पोचणारा चालक मानवजातीच्या इतिहासात हा एकच. पुढे इंजिनं आली, घोड्यांच्या शक्तीचे आकडे आले, पण रस्ता पाठ असलेलं एकही वाहन आमच्या मार्गावर अजून आलेलं नाही.

सरकारनेही आमच्या अपडाऊनला हातभार लावला आहे. १९०५ पर्यंत जळगाव तालुका अकोला जिल्ह्यात होता. त्या वर्षी तो उचलून बुलढाण्यात घातला. कागदावर एक रेघ पुसली, दुसरी ओढली. पण कलेक्टर कचेरीत काम असलेल्या माणसाला तोवर पूर्वेला जाण्याची सवय होती, त्याला आता दक्षिणेचा घाट चढणं आलं. आमच्या जिल्ह्याचे दोनच भाग आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा घाटावर, आम्ही घाटाखाली. त्यामुळे कचेरीला जाणारा खरोखरच अप जातो, आणि काम न होता परत येतो तो खरोखरच डाऊन असतो.

आता हिशेब. खामगाव ते जळगाव जामोद पन्नासेक किलोमीटर. नांदुऱ्यापर्यंत हमरस्ता, तिथून उजवीकडे वळायचं, येरळीच्या पुलावर पूर्णा ओलांडायची, आसलगाव मागे टाकायचं. जायला सव्वा तास, यायला सव्वा तास, म्हणजे रोज अडीच तास. वर्षाचे कामाचे दिवस, रजा वजा जाता, २४० धरा. झाले ६०० तास. त्यांना २४ ने भागलं की २५ उत्तर येतं. वर्षातले पंचवीस दिवस आणि पंचवीस रात्री मी निव्वळ नांदुऱ्याच्या अलीकडे किंवा पलीकडे असतो! बारा वर्षांचे झाले ३०० दिवस. हा आकडा मी एका संध्याकाळी घरी जाहीर केला. ‘ही’ म्हणाली, “म्हणजे बारा वर्षांतले तीनशे दिवस तुम्ही शांत बसला होतात. तेवढंच एक घडवून आणलंत.”

पण आकडा डोक्यातून जाईना. बँकेत एक रुपया जरी हिशेबात लागला नाही तरी आम्ही रात्री आठपर्यंत बसतो. इथे तीनशे दिवस लागत नव्हते. जगात आपल्याआधी अपडाऊन करणाऱ्यांनी हा वेळ कुठल्या खात्यात टाकला, हे मी शोधू लागलो.

सगळ्यात जुनं आणि सगळ्यात चोख खातं वारकऱ्यांचं. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखीची प्रथा सुरू केली. त्यात चालण्याचा वेळ फुकट जाण्याची भानगडच ठेवलेली नाही. पाय रस्त्याला दिलेले, हात टाळाला, तोंड अभंगाला. पहाटे काय म्हणायचं, दुपारी काय, वाराच्या दिवशी काय, याचा क्रम ठरलेला. आमच्या शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना शेवटचा मुक्काम खामगावला करते. दुसऱ्या दिवशी खामगाव ते शेगाव सगळा रस्ता माणसांनी भरून वाहतो. त्यातल्या एकालाही “प्रवासाचा वेळ कसा घालवता?” असं विचारायची माझी छाती नाही. तो उलट विचारील, “कोणता प्रवास?”

पण वारी वर्षातून एकदा. आणि वाटेच्या शेवटी विठोबा असतो. माझ्या वाटेच्या शेवटी पासबुक छापायच्या मशीनपुढची रांग असते. तेव्हा माझ्या जातीचा माणूस शोधायला हवा होता, म्हणजे कारकून. तो मिळाला विलायतेत.

अँथनी ट्रोलप १८३४ साली लंडनच्या पोस्टात कारकून म्हणून चिकटला. पुढे बढती मिळून त्याच्यामागे फिरतीचं काम लागलं आणि निम्मं आयुष्य आगगाडीत जाऊ लागलं. आधी तोही इतरांसारखा डब्यात बसून वाचत असे. मग त्याने एक लहानशी फळी करून घेतली, मांडीवर ठेवली, पेन्सिल काढली आणि सरळ कादंबरी लिहायला बसला. १८५७ साली निघालेली ‘बारचेस्टर टॉवर्स’ बरीचशी अशी डब्यात लिहिलेली आहे. पेन्सिलीने खरडलेलं घरी बायको पुन्हा स्वच्छ उतरवून काढी. (हे वाक्य मी आमच्या घरी जरा मोठ्याने वाचलं. “तुमचं अक्षर फक्त तुमच्या बँकेला लागतं,” एवढाच अभिप्राय मिळाला.) घरी पहाटे लिहिताना तर तो घड्याळ समोर ठेवी आणि दर पंधरा मिनिटांना २५० शब्द पाडी. नोकरी सांभाळून आणि पुढे ती सोडून मिळून ४७ कादंबऱ्या! शिवाय ब्रिटिश अमलातल्या रस्त्यांवरच्या पहिल्या पत्रपेट्या १८५२ साली चॅनेल बेटांवर उभ्या राहिल्या, त्यामागेही हाच गृहस्थ. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये आत्मचरित्र निघालं आणि त्यात हा घड्याळाचा हिशेब वाचून रसिक मंडळी फार नाराज झाली. प्रतिभा म्हणजे अवचित येणारी वीज, ती सव्वापाचच्या ठोक्याला यावी म्हणजे काय! कारकुनाने वेळेवर काम केलं तरी लोकांना चालत नाही, हे काही आजचं नाही.

ट्रोलपच्या दराने माझे वर्षाचे ६०० तास म्हणजे सहा लाख शब्द. मी फळीही केली होती. पण आमच्या रस्त्यावर कागदाला पेन्सिल टेकवली की अक्षराऐवजी ईसीजी उमटतो.

दुसरे एक फ्रेंच गृहस्थ भेटले, गणितज्ञ आँरी प्वाँकारे. गणितातल्या एका प्रश्नाची किल्ली त्यांना कुतांस नावाच्या गावी सहलीच्या घोडागाडीत चढताना सापडली. पायरीवर पाय ठेवायला आणि उत्तर डोक्यात यायला एक गाठ! त्यांनी ते लगेच तपासून पाहिलं नाही. जागेवर बसले आणि मघाची गप्पांची दोरी पुन्हा धरली. इथेच मोठा माणूस ओळखू येतो. मी ज्या पायरीवर पाय ठेवतो तिथे आधीच दुसऱ्या कुणाचा तरी पाय असतो, त्यामुळे डोक्यात जे येतं ते छापण्याजोगं नसतं.

पण मला खरा आपला माणूस वाटला तो दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. त्यांच्याजवळ मी जरा थांबणार आहे.

कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले. फर्ग्युसनमधून पदवी घेतली आणि १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. ना डॉक्टरेट, ना विद्यापीठातली खुर्ची. मुंबईपासून तीस मैलांवरच्या एका स्टेशनात असताना त्यांना आकड्यांची एक गंमत सुचली. स्टेशनचं नाव डेमलो, म्हणजे आताची डोंबिवली. त्यांनी त्या संख्यांना ‘डेमलो संख्या’ हेच नाव देऊन टाकलं. १६५ घ्या : दोन टोकांचे १ आणि ५ मिळून मधला ६. किंवा २५५३ घ्या : टोकांचे २ आणि ३ मिळून ५, आणि मध्ये पाचच पाच. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१, ही सगळी त्याच घराण्यातली मंडळी. १९३९ साली मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात गुंजीकर आणि कापरेकर या दोघांच्या नावाने डेमलो संख्यांचा सिद्धान्त रीतसर छापून आला. डोंबिवलीच्या फलाटावर तेव्हापासून आजवर कोट्यवधी लोक उभे राहिले असतील. त्यांना काय सुचलं ते त्यांनी बहुधा स्टेशनमास्तरला ऐकवलं.

पुढे १९४९ साली त्यांनी मद्रासच्या गणित परिषदेत ६१७४ हा आकडा मांडला. खेळ दुसरीतल्या पोराला जमेल असा आहे. कुठलीही चार आकडी संख्या घ्या, फक्त चारी आकडे सारखे नकोत. आकडे उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा. येईल त्याला पुन्हा तीच वागणूक द्या. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येणार, आणि एकदा आला की हलणार नाही. उदाहरणार्थ ४५१८. ८५४१ वजा १४५८, ७०८३. मग ८७३० वजा ३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आला ६१७४!

याचा उपयोग काय? काही नाही. मोठमोठे गणिती तेव्हा हेच म्हणत आणि कापरेकरांकडे फारसं लक्ष देत नसत. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला हा मास्तर ठाऊक झाला. त्या वेळी मास्तर सत्तरीत होते. १९८६ साली ते गेले. त्यांच्या डेमलो संख्या आहेत, देवळाली संख्या आहेत, हर्षद संख्या आहेत. राहत्या गावाचं, वाटेवरच्या स्टेशनाचं आणि मनाला झालेल्या आनंदाचं नाव आकड्यांना ठेवणारा दुसरा माणूस मला माहीत नाही. माझ्या टेबलावर बारा वर्षं आकडेच आकडे आहेत, पण ‘येरळी संख्या’ काढावी असं मला एकदाही सुचलं नाही.

तेव्हापासून मी समोरून येणाऱ्या गाड्यांच्या नंबरांवर कापरेकर करतो. एमएच २८ म्हणजे आपल्याच जिल्ह्याची, ३० म्हणजे अकोल्याची, १९ म्हणजे त्या थोरल्या जळगावची. पुढचे चार आकडे पकडायचे आणि सुरू व्हायचं. वाटेत एकदा १००४ नंबरचा ट्रक गेला. त्याने नांदुऱ्याच्या वळणापासून पुलापर्यंत मला झुलवलं. ४०८६, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि मग ६१७४. पूर्ण सात! इतका आनंद मला बढतीच्या पत्राने झाला नसता. (तुलनेसाठी पत्र यायचं बाकी आहे.)

मुंबईकरांची परंपरा तर स्वतंत्र ग्रंथाचा विषय. १९२५ साली व्हीटी ते कुर्ला विजेची लोकल धावली आणि मुंबईकराने डब्यालाच घर केलं. तिथे भजनी मंडळं आहेत, ब्रीफकेसवर पत्ते आहेत, दसऱ्याला डब्याची पूजा आहे. पण वेळेचा खरा वापर बायकांच्या डब्यात. १९९२ साली पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली खास बायकांची गाडी सुरू केली. त्याच्या कितीतरी आधीपासून त्या डब्यांत वालाच्या शेंगा सोलल्या जात होत्या, गवार निवडली जात होती, स्वेटर विणले जात होते. पुरुष त्या वेळात दमलेला असायचा म्हणून पत्ते खेळायचा. बाईही दमलेली असायची, पण घरी पोचल्यावर तासाभरात ताटं मांडायची होती. ट्रोलपच्या फळीचं कौतुक करणाऱ्यांनी या फळभाजीचंही करायला हरकत नाही.

आमच्या गाडीत आम्ही सातजण आहोत. महिन्याच्या बोलीवर गाडी लावलेली आहे. एक शाळेतले गुरुजी, एक आरोग्य खात्यातले, दोघं पंचायत समितीचे, एक कृषीचे, मी, आणि मागच्या सीटवर तहसीलमधल्या एक बाई. बाई गाडीत बसल्या की दार लागायच्या आत झोपतात. पहाटे साडेचारला उठायचं, नळ आला असेल तर पाणी भरायचं, सासऱ्यांचा चहा, दोन मुलांचे डबे, स्वतःचा डबा. चोवीस तासांत त्यांना कुणी हाक मारत नाही असा वेळ फक्त हा. गुरुजींनी एकदा त्यांना ऑडिओवर पुस्तकं ऐकायचा सल्ला दिला. बाई म्हणाल्या, “गुरुजी, ह्या रोडवर मी एकटीच काहीतरी फायद्याचं करून राहिली.”

हे सगळं गोळा करता करता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती मला कुठल्याही पुस्तकात लिहिलेली सापडली नाही. ट्रोलप फळीवर लिहीत होता तेव्हा इंजिनात कोळसा कुणी दुसराच मारत होता. प्वाँकारे पायरीवर चढले त्या गाडीचे लगाम कुणाच्या तरी हातात होते. कापरेकर ज्या गाडीने डेमलोला आले ती त्यांनी चालवली नव्हती. या तिन्ही चालकांची नावं इतिहासात नाहीत. वेळेचा सदुपयोग करणारे सगळे मागच्या सीटवरचे. पुढच्या सीटवरचा माणूस आपला वेळ आपल्याला देत असतो, म्हणून आपला उरतो.

आमचा ड्रायव्हर तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा आहे. पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे धावतो, दिवसभर आमच्यासाठी जळगावला थांबतो, रात्री आम्हाला सोडून घरी जातो. गाडी चालवताना पुस्तक उघडता येत नाही, मोबाइलकडे पाहता येत नाही. तेव्हा त्याने युक्ती काढली. आदल्या रात्री स्वतःच्या आवाजात सामान्यज्ञान वाचून रेकॉर्ड करायचं आणि सकाळी निघण्याआधी गाडीच्या स्पीकरवर लावून द्यायचं. “महाराष्ट्राची स्थापना, एक मे एकोणीसशे साठ. महाराष्ट्रातील सर्वात उंच शिखर, कळसूबाई.” सुरुवातीला आरोग्य खात्याने कुरकुर केली, त्यांना सकाळी भक्तिगीतं लागतात. पण गुरुजींनी बाजू घेतली. मग गुरुजी मध्येच रेकॉर्डिंग थांबवून प्रश्न विचारू लागले. उत्तर चुकलं की सगळी गाडी हळहळायची. बघता बघता आम्हा सहाही जणांना पंचायत राज, नद्यांची उगमस्थानं आणि घटनेची कलमं तोंडपाठ झाली. बाई झोपलेल्या असल्यामुळे त्यांना कुणी धरलं नव्हतं.

लेखी परीक्षा बुलढाण्याला होती, कामाच्या दिवशी. पोरगा पहाटेच्या गाडीने घाट चढून गेला आणि आमच्यासाठी एक बदली ड्रायव्हर ठेवून गेला. माणूस चांगला, पन्नाशीचा, अबोल. स्पीकर बंद होता. नांदुरा गेलं तरी कुणी काही बोलेना. मी एका ट्रकचा नंबर पकडला आणि पहिल्याच वजाबाकीत सोडून दिला. सगळ्यांच्या मनात एकच होतं, की आता पेपर हातात पडला असेल. शेवटी पुलावर गुरुजींना राहवेना. सवयीने पुढे वाकून ते कडक आवाजात म्हणाले, “संविधान सभेचे अध्यक्ष कोण?”

बदली ड्रायव्हरने दचकून आरशात पाहिलं. “मले कायले विचारता सर? मी फक्त गाडी चालवतो.”

“राजेंद्र प्रसाद,” मागून आवाज आला. बाईंनी डोळे उघडले नव्हते.